काँटेसावाले भाऊ

जुनी मोटार घरच्या घरी उभी करणारा माणूस ओळखायचा तर त्याच्या हाताकडे पाहू नये. काळी नखं मिस्त्र्याचीही असतात. त्याला नुसतं विचारावं, "काहून भाऊ, गाडी कुठवर आली?" मिस्त्री असेल तर तारीख सांगेल. हा गृहस्थ 1972 पासून सुरुवात करतो.

नागपूरजवळच्या सावनेरात अशा माणसाला आडनाव लागत नाही. तो काँटेसावाले भाऊ. कोळसा खाणीत फिटर म्हणून हयात गेलेली, निवृत्तीचे पैसे हाती आलेले, पोरं पुण्याला, अंगणात टिनाचं शेड आणि शेडखाली ठोकळ्यांवर चढवलेली 1986 ची हिंदुस्थान काँटेसा. तिची चाकं पलंगाखाली असतात, जादाचा कार्बोरेटर देवघराशेजारच्या फडताळात, आणि मागचं सीट दिवाणखान्यात. पाहुणे त्याच्यावरच बसतात. सोफ्यापेक्षा ते बरं आहे, हे मात्र कबूल करावं लागतं.

भाऊंच्या मते काँटेसा ही भारताची मसल कार. या कुळाचा मूळ पुरुष म्हणून अमेरिकेतल्या 1964 च्या पॉन्टिअक जीटीओचं नाव घेतात: आठ सिलिंडरांचं 6.4 लिटरचं इंजिन आणि 325 अश्वशक्ती. काँटेसाकडे लांब बोनेट होतं. त्याखाली सुरुवातीला अ‍ॅम्बॅसडरचंच 1489 सीसीचं इंजिन बसवलेलं, अश्वशक्ती जेमतेम 50. चौसोपी वाड्यात एकच भाडेकरू राहावा तसं ते त्या बोनेटखाली राही. पण ऐंशीच्या दशकात मंत्री आणि बडे साहेब त्यातून उतरत, आणि खाणीच्या फाटकावर उभ्या असलेल्या तरुण फिटरला दार बंद होतानाचा तो जड 'धप्प' आवाज कायमचा लागला. स्वतःची घेण्याइतके पैसे जमले तोवर बाकीच्या जगाने मारुतीही बदलून टाकल्या होत्या.

भाऊंचा धर्म एकच: सगळं ओरिजिनल पाहिजे. आरसा ओरिजिनल, हँडल ओरिजिनल, काचेचं रबरसुद्धा ओरिजिनल. कुणी नवीन हॉर्न आणून दिला तर तो सायकलला लागतो.

आता ही गाडी मुळात काय आहे ते पाहा. अंग इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं. ते मॉडेल तिकडे 1972 साली आलं आणि 1978 मध्ये, व्हीएक्स या नावाने, संपलं. त्याचे साचे हिंदुस्थान मोटर्सने विकत घेऊन कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला आणले आणि 1984 मध्ये काँटेसा बाजारात आली. इंजिन अ‍ॅम्बॅसडरचं, म्हणजे पुन्हा इंग्लंडच्याच बीएमसीचं. पुढे ते दमतं हे कंपनीलाच पटलं, तेव्हा जपानच्या इसुझूचं 1.8 लिटरचं आणलं. थोडक्यात, कारखान्यानेच जिला उसन्या सामानावर उभी केली, तिच्या शुद्धतेसाठी भाऊ जिवाचं रान करताहेत. गावातला एखादा जाणता सुचवतो, "भाऊ, इसुझूचं इंजिन टाका नं, पाखरावानी उडन." भाऊ त्याला चहा न देता वाटेला लावतात. गाडी बाटते म्हणे.

सुटे भाग हा वेगळा अध्याय. काँटेसा 2002 मध्ये बंद झाली, अ‍ॅम्बॅसडर 2014 मध्ये. त्यामुळे एखाद्या पुढच्या जाळीसाठी भाऊ नागपूरहून हावड्याची गाडी धरतात आणि कोलकात्याच्या मलिक बाजारात दोन दिवस घासाघीस करतात. येताना जाळी मांडीवर. वरच्या बर्थवर मिठाई ठेवलेली असते, ती चोरीला गेली तरी चालते.

हत्यारांचंही सोवळं आहे. बीएमसीचं इंजिन इंची नट-बोल्टांचं, त्याला मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे मरतात. म्हणून भाऊंच्या पेटीत चार सुती आणि साडेचार सुती पाने कापडात गुंडाळून ठेवलेले असतात. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेवायची, त्यासाठी फीलर गेज आहे. पण जुने मिस्त्री गेज न लावताच अंदाज घेतात आणि अंदाज बरोबर निघतो, याचं भाऊंना मनापासून दुःख होतं.

काम इतकं का लांबतं? हवामान पाहावं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की पाना हातात धरवत नाही. काम सकाळी पाच ते आठ. पावसाळ्यात हवेत ओल, रंग मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून रंग बंद. पाणी ओसरलं की पोळा, मग दसरा. थंडी उत्तम, पण थंडीत आंबिया बहाराची संत्री तोडायला येतात आणि भाऊंचा चुलतभाऊ हक्काने बोलावतो. उरला फेब्रुवारी. त्यात लग्नं.

तरी रविवारी सकाळी इंजिन चालू करण्याचा सोहळा होतोच. पाच-सात जण जमतात, कुणी बॅटरीची वायर धरतं, कुणी चोक ओढायला बसतं, एकजण फक्त "जरा रेस द्या" म्हणायला असतो. हा सोहळा हौसेचा नाही, गरजेचा आहे. गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरतं आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर फुगवून सोडतं. भाऊंनी सगळ्या नळ्या बदलल्या. नव्या नळ्या ओरिजिनल नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत.

वहिनींचा या सगळ्याला विरोध नाही, त्यांनी गाडीचा उपयोग शोधला आहे. एवढं लांब बोनेट सावनेरात दुसरं नाही. मुगाच्या वड्या एका दमात वाळतात. "तुमची मसल कार दुपारी मला लागन," एवढंच त्या सांगतात. डेंटरने लांबी भरून घासून गुळगुळीत केलेल्या बोनेटवर वड्यांचे ठसे उमटले, तेव्हा भाऊ दोन दिवस घुश्श्यात होते. वड्या मात्र खाल्ल्या.

नाटककार राम गणेश गडकऱ्यांनी 23 जानेवारी 1919 रोजी याच गावात अखेरचा श्वास घेतला. काँटेसाला तशी परवानगी नाही. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आणि एप्रिल 2022 मध्ये त्याची फी 600 वरून 5,000 रुपये झाली. त्याच वर्षी हिंदुस्थान मोटर्सने 'काँटेसा' हे नावही दुसऱ्या कंपनीला विकायचा करार केला. आता या नावाने विजेवर चालणारी गाडी निघेल, अशी बातमी कुणीतरी भाऊंना मोबाइलवर दाखवली. भाऊंनी मोबाइल परत दिला आणि स्पार्क प्लग पुसायला घेतला.

भाऊंचं सगळं लक्ष आता व्हिंटेजच्या नंबराकडे लागलं आहे. 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि रोजच्या वापराला बंदी. ही शेवटची अट कुणाला जाचक वाटेल, भाऊंना ती फार आवडली. 1986 च्या काँटेसाची पाळी 2036 मध्ये येईल. तोवर तिला योग्यता तपासणीसाठी सावनेरहून सुमारे 40 किलोमीटरवरच्या नागपूरला जाऊन यावं लागेल, तेही स्वतःच्या चाकांवर, आणि ती अजून पलंगाखाली आहेत.