लेबलकाका

पुण्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक तरी लेबलकाका असतातच. प्राण्यांच्या दुकानात बाकीची गिऱ्हाइकं पिशवीवरचा हसरा कुत्रा बघतात. हे पिशवी उलटी करतात. चष्मा कपाळावर, मजकूर नाकापाशी, आणि ओठ हलवत वाचन सुरू. दुकानदार तोवर चहा मागवतो. स्वतःपुरता.

काका बँकेतून निवृत्त झालेले असण्याचा संभव दाट. कुत्रा बहुधा लॅब्रॅडॉर, मुलगा-सून बंगळूरला जाताना ठेवून गेलेला. ‘माझ्या घरात कुत्रा येणार नाही’ हे काकांचं जाहीर धोरण होतं आणि ते अजून अधिकृतपणे मागे घेतलेलं नाही. फक्त ब्रूनोला ‘कुत्रा’ म्हटलेलं आता चालत नाही.

संध्याकाळी खाली बाकापाशी त्यांचा दरबार भरतो. एखादी मुलगी बीगलचं पिल्लू घेऊन पाच मिनिटांसाठी उतरलेली असते. ‘पॉटी कशी होते?’ हा काकांचा नमस्कार. उत्तर ऐकून ते खिन्न मान हलवतात आणि खाणं कोणतं, ते विचारतात.

‘पहिलं नाव चिकनचं आहे म्हणून भुलू नकोस. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, आणि ताज्या चिकनमध्ये ७० टक्के पाणीच असतं. पाणी वजा कर, मग बघ चिकन कुठे घसरतं! आणि पुढे काय लिहिलंय? तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा. अगं, एकच कर्जदार, तीन खाती! एकत्र केली तर चिकनच्या वर बसतील.’

मुलगी घाबरून म्हणते, ‘मी ग्रेव्हीची पाकिटंही देते, पण त्यात प्रोटीन आठच टक्के आहे हो.’ काका अशाच चेंडूची वाट बघत असतात. ग्रेव्हीत ८० टक्के ओलावा; म्हणजे कोरडा माल २०, त्यात ८, म्हणजे प्रोटीन ४० टक्के! आणि कोरड्या दाण्यांवरचे २४ टक्के, १० टक्के ओलावा वजा करून, जेमतेम २७. मुलीला हे पटतं, पण पिल्लाने एव्हाना काकांच्या चपलेचा पट्टा अर्धा खाल्लेला असतो. त्यातलं प्रोटीन कुणी मोजत नाही.

गंमत म्हणजे काकांचं गणित चुकत नाही. प्रोटीन म्हणून छापलेला आकडा मुळात नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढतात, हेही त्यांना ठाऊक आहे. २००७ मध्ये अमेरिकेत याच फटीतून मेलॅमिन घुसलं. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ते मिसळलं की नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढतं. प्रत्यक्षात कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या. हा प्रसंग सांगताना काकांचा आवाज खरोखर जड होतो. खोट्या ताळेबंदाने जीव गेलेला त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिला नसावा.

धान्यविरहित खाण्याचं प्रकरण मात्र ते टाळतात. एके काळी या पंथाचे ते कट्टर प्रचारक होते. मग जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने वाटाणा, मसूर, बटाटा भरपूर असलेल्या अशा खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. ठाम निष्कर्ष काही निघाला नाही, पण काका रातोरात तांदळाच्या बाजूला आले. आता त्यांना कुत्र्याने माणसाच्या सोबतीने स्टार्च पचवायला शिकल्याचं २०१३ चं जनुक संशोधन तोंडपाठ आहे. ‘आमच्या आजोळच्या मोत्याने जन्मभर भाकरी-ताकच खाल्लं,’ असं काकू पहिल्यापासून सांगत होत्या. पण त्यांचं सांगणं कुठल्या नियतकालिकात आलेलं नव्हतं.

घरातही कायदा कडक. ओट्यावर कांदा-लसूण चिरला जात असताना ब्रूनोला स्वयंपाकघराची बंदी. मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुलपात. त्याचं जेवण वजनकाट्यावर ३०० ग्रॅम, दाणाभर इकडे-तिकडे नाही. मुलांच्या डब्यात काय असायचं, हे काकांना आजही सांगता येणार नाही.

एवढ्या चिकित्सेचा ब्रूनोला उपयोग शून्य. लॅब्रॅडॉरांपैकी सुमारे चौथाई कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, असं केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं. ब्रूनो त्या चौथाईत पहिल्या नंबरने बसावा. उंची आयात दाणे आणि शेजारच्यांचं पायपुसणं तो सारख्याच आदराने संपवतो.

वार्षिक लशीच्या वेळी डॉक्टरांनी त्याच्या कुशीवरून हात फिरवला. बरगड्या लागेनात. त्यांनी शोधल्या, पुन्हा शोधल्या. वजन ३८ किलो.

‘काका, खायला किती देता?’

‘३०० ग्रॅम. मोजून. वजनाचा पाऊण घात, गुणिले ७०...’

‘आणि वर?’

काकूंनी तुपातली अर्धी पोळी कबूल केली. कामाच्या मावशींचा टोस्ट निघाला. मग काकूंनी काकांकडे नुसतं पाहिलं.

‘सकाळच्या चहाबरोबर दोन-तीन बिस्किटं,’ काका म्हणाले. ‘पण डॉक्टर, कुत्र्यांच्या तयार खाण्याचा धंदा मुळात बिस्किटापासूनच सुरू झाला. जेम्स स्प्राट, इंग्लंड, १८६०. त्याच्याच कंपनीत नोकरीला लागलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे ते जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन...’

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं: बिस्किटं बंद.

काकांनी चिठ्ठी घेतली. चष्मा कपाळावर चढवला. मागची बाजूही बघून घेतली.

‘यात फक्त ग्लुकोज धरायची,’ त्यांनी विचारलं, ‘की मारीसुद्धा?’