पिवळा दिवा आणि कुंभार्ली घाट

गुहागर ज्याची सासुरवाडी, त्याला कुंभार्ली घाट चुकत नाही. पुण्याहून ताम्हिणीनेही जाता येतं, पण मेव्हणा कऱ्हाडला नोकरीला असल्यामुळे त्याला उंब्रजच्या फाट्यावर गाडीत घ्यायचं, हा आमच्या घरचा कायदा आहे. या खेपेला तो आत बसला, पट्टा लावला आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवून म्हणाला, "भावोजी, हा पिवळा दिवा कधीपासून?"

दिवा खंबाटकी उतरून सुरूरला चहा घेतला तेव्हापासून होता. इंजिनाच्या चित्राचा. बायकोला दिसू नये म्हणून मी मोबाइलचा स्टँड त्याच्या आड सरकवून ठेवला होता.

इथून पुढे गाडी मी चालवली आणि निदान बाकीच्यांनी केलं. मेव्हण्याच्या मते पेट्रोलमध्ये भेसळ. बायकोच्या मते माझ्यात. पंपावरचा पोरगा म्हणाला, टाकीचं झाकण घट्ट लावा. मल्हारपेठेच्या पुढे रस प्यायला थांबलो, तिथल्या आजोबांनी वाकून दिवा पाहिला आणि म्हणाले, "काय व्हत न्हाय, जावा बिनघोर. आमच्या जीपड्याला तर दिवंच न्हाईत."

पाटणला मेव्हण्याने बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं ठेवायची, असं त्याला कुठल्याशा व्हिडिओने शिकवलं होतं. वायर परत लावली आणि खरंच दिवा गेला! त्याबरोबर घड्याळही गेलं आणि रेडिओवर बायकोने जुळवून ठेवलेली सगळी स्टेशनंही गेली. मेव्हणा मात्र कोयनानगरपर्यंत ताठ मानेने बसला होता. कोयनानगरला भजी खाऊन गाडी सुरू केली आणि दिवा पुन्हा हजर. गाडीतला कंप्यूटर पहिल्या खेपेला नुसता संशय धरतो आणि दुसऱ्यांदा गाडी सुरू केल्यावरही तोच दोष दिसला की दिवा लावतो, हे नंतर कळलं. आमच्यासारख्या दर दहा मैलांवर चहा पिणाऱ्या कुटुंबाला अशा गाडीपासून काही लपवता यायचं नाही.

तिथल्या गॅरेजात एक विशीतला पोरगा होता. त्याने कोणालाही काही विचारलं नाही. स्टिअरिंगखाली स्कॅनर खोचला, पडद्यावर पी ०१३५ असा कोड आला, आणि तो म्हणाला, "ओटू सेन्सरचा हिटर गेलाय." मग बॉनेटमध्ये हात घालून एक प्लग सोडवला. चार वायरी, त्यातल्या दोन पांढऱ्या. त्या दोन पांढऱ्यांना मीटर लावून मला दाखवला. तिथे काही ओहम दिसायला हवे होते, मीटर ढिम्म. "आतली तार तुटली. ओपन."

हा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे बोटाएवढा नग. सायलेन्सरच्या सुरुवातीला, इंजिनातून तापलेला धूर निघतो तिथे तो बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो कंप्यूटरला सांगतो आणि त्यावरून पेट्रोल कमीजास्त होतं. पण आतली झिर्कोनियाची टोपी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याला काही समजत नाही. सकाळचा चहा पोटात गेल्याखेरीज तोंड न उघडणाऱ्या माझ्या सासऱ्यांसारखाच तो. म्हणून त्याला हिटर दिलेला असतो, तो अर्ध्या मिनिटात त्याला जागा करतो. हिटर गेला की धुराने तापेपर्यंत वाट पाहायची, आणि तोवर कंप्यूटर अंदाजपंचे पेट्रोल ओततो, तेही जरा सढळ हाताने.

१९७६ साली बॉशचा हा सेन्सर पहिल्यांदा अमेरिकेला जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत बसला, तेव्हा त्याला हिटर नव्हताच. थोडक्यात, माझी गाडी बिघडली नव्हती, १९७६ सालात गेली होती. बायकोला हे सांगून पाहिलं. तिने काच खाली करून बाहेर बघणं पसंत केलं.

बाहेर कोयना होती. १९६० मेगावॅटचा प्रकल्प! शिवसागराचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीकडे सोडून अर्ध्या महाराष्ट्राचे दिवे लावतात, आणि त्याच डोंगरावर माझी गाडी दहा-पंधरा वॅटच्या हिटरपायी अडलेली. "अडलेली कुठंय?" पोरगा म्हणाला. "सेन्सर माझ्याकडे नाही, चिपळूणला मिळेल. सावकाश जावा."

घाटात मोठी गंमत झाली. माथ्यापर्यंतच्या चढाला धूर तापलेला, सेन्सर जागा, गाडी शहाण्यासारखी चालली. उतार लागला, मी दुसऱ्या गिअरवर गाडी सोडली, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोलच बंद होतं. मग इंजिनातून नुसता वारा. सेन्सर गार पडून झोपला. शिरगावात एसटीच्या मागे रखडलो तेव्हा तो झोपेतच, कंप्यूटर आपला ओततोय, आणि स्क्रीनवरचा ॲव्हरेजचा आकडा घाटापेक्षा वेगाने खाली येतोय. मेव्हणा म्हणाला, "भेसळच आहे."

चिपळूणला सेन्सर मिळाला. जुना निघताना मात्र रडवलं. आटे गंजलेले, शिवाय वायर बाहेर काढायला चीर असलेला खास पाना लागतो. सायलेन्सर निवेपर्यंत तासभर बसलो. मिस्त्री म्हणाला, "भेसळ-बिसळ काय नाय हो, वस्तू आहे, जाते कधीतरी."

तुमच्या गाडीत हा दिवा लागला आणि स्थिर असेल, तर स्कॅनर लावून कोड बघा. हिटरचाच असला तर बिनघोर मुक्काम गाठा, पण आठवड्याच्या आत सेन्सर बदला. जास्तीच्या पेट्रोलाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला, तर त्याचं बिल सेन्सरच्या कितीतरी पट येतं. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी तिथेच बाजूला घ्या. आणि बॅटरीच्या वायरीला कोणाला हात लावू देऊ नका; पुसलेल्या रेडिओवर रत्नागिरी आकाशवाणी सापडेपर्यंत गुहागर येतं.