‘नॉक अप’चं काय झालं, ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? त्या ‘नॉक अप’ची पार अब्रू गेली हो! इंग्लंडात एवढं कष्टाळू, पहाटे उठून दुसऱ्यांना उठवणारं क्रियापद, आणि अमेरिकेत काय होऊन बसलं बघा. तिकडे एखादी ‘नॉक्ड अप’ आहे म्हटलं की... म्हणजे तिला दिवस गेलेत, आणि तेही न ठरवता! २००७ साली जड अ‍ॅपॅटो नावाच्या दिग्दर्शकाने त्याच नावाचा सिनेमा काढला, चक्क पोस्टरवर मोठ्या अक्षरांत. झालं. झाकली मूठ होती, तीही उघडली.

नाहीतर मूळ किती साधं! सतराव्या शतकापासूनचं काम म्हणजे दार ठोठावून माणसाला झोपेतून उठवायचं. ‘सकाळी मला नॉक अप करा हं,’ असं चांगल्या घरची बाईसुद्धा घरमालकाला बिनदिक्कत सांगायची. मग गिरण्या आल्या. पाळी चुकली की पगार कापला... अहो, गिरणीतली पाळी म्हणतेय मी! तुम्ही पण ना, वहिनी. आणि कामगाराला गजराचं घड्याळ कुठलं परवडायला? आपल्या गिरणगावात भोंगा वाजायचा. तिकडे लँकेशायरात माणसंच ठेवलेली, ‘नॉकर-अप’. हातात लांबच लांब काठी, टोकाला तारा. वरच्या मजल्याच्या काचेवर खडखड करायची, आणि आत कोणी उठल्याचं दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही. डरहॅमकडच्या खाणकामगारांच्या घरांना तर बाहेरच्या भिंतीत पाट्याच बसवलेल्या, त्यांवर खडूने वेळ लिहून ठेवायची.

काठी कशाला, दार नाही का वाजवता येत? येतं की. पण दार बडवलं की शेजारी बोंबलणार, आमची झोप का मोडता म्हणून. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण वेगळंच! दाराच्या आवाजाने शेजारी फुकटात उठायचे हो. पैसे द्यायचे एकाने आणि जाग अख्ख्या गल्लीला? धंदा कसा चालायचा मग! लंडनच्या लाइमहाउसमधल्या मेरी स्मिथबाई तर त्याहून हुशार. तोंडात नळी धरून खिडकीवर वाळके वाटाणे फुंकायच्या. तो फोटो नाही का, १९३० च्या आसपासचा, नळी वर करून उभ्या आहेत? त्याच. आठवड्याचे सहा पेन्स घ्यायच्या, आणि नेम म्हणजे नेम.

तर काय सांगत होते... हां, पोलीस! रात्रपाळीचे हवालदारही चार पैसे जोडायला हेच करायचे. त्यातच मायझन नावाचा एक हवालदार सापडला. ३१ ऑगस्ट १८८८, पहाटे पावणेचारचा सुमार, व्हाइटचॅपेलच्या बक्स रोमध्ये ती मेरी अ‍ॅन निकोल्स पडलेली. जॅक द रिपरचंच प्रकरण ते. क्रॉस आणि पॉल, दोघे गाडीवान, कामावर निघाले होते. त्यांनी तिला पाहिलं, पुढे कोपऱ्यावर मायझन भेटला, त्याला सांगितलं. आणि हा त्या वेळी काय करत होता? लोकांना नॉक अप! पॉलने मग वर्तमानपत्राला सांगूनच टाकलं, एवढं सांगितलं तरी हा आपला लोकांना उठवतच राहिला, शरमेची गोष्ट आहे. पुढे चौकशीत एका ज्युरीने मायझनला समोरासमोर विचारलं, कळल्यावरही तुम्ही नॉक अप चालूच ठेवलंत का? हा म्हणतो, छे, हातातलं एक तेवढं पुरं केलं. एकच! काय चेहरा झाला असेल हो, भरल्या चौकशीत... आणि तो क्रॉस? त्याचं खरं आडनाव लेचमेअर, सांगताना क्रॉस सांगितलंन्. आता काही लोक म्हणतात की तोच... जाऊ दे, तो विषय वेगळा. मला म्हणायचंय ते हे, की एवढ्या गंभीर जागी तो शब्द उच्चारला गेला तरी मान खाली घालण्यासारखं त्यात कोणालाच काही नव्हतं. रोजची कामगिरी होती ती.

आता त्या वॉप्सलचं ऐका. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधले, चर्चचे कारकून. १८६०-६१ ची ती कादंबरी. त्यात हे गृहस्थ ‘नॉक्ड अप’ असतात, म्हणून हल्ली कोणीही उठतं आणि सांगतं, बघा, डिकन्सनेसुद्धा नॉकर-अपबद्दल लिहून ठेवलंय! अहो, कुठलं काय! नाताळच्या रात्री सैनिकांबरोबर पळालेल्या कैद्यांमागे दलदल तुडवून ते दमलेत. पार गळून गेलेत, म्हणून तडतड करताहेत. इंग्लंडात दमलेल्या माणसालाही ‘नॉक्ड अप’च म्हणायचे. एका घरात झोपलेल्याला उठवायचं आणि शेजारच्या घरात जाग्या माणसाला आडवं करायचं, दोन्ही याचंच काम!

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर! घाईघाईत ऑम्लेट केलं, नॉक अप. क्रिकेटमध्ये पन्नास धावा ठोकल्या, नॉक अप. विम्बल्डनला मॅच सुरू व्हायच्या आधी दोघं चार चेंडू मारून हात मोकळे करतात, तेही नॉक-अप. आपल्या जिमखान्यात बॅडमिंटनच्या आधी ‘नॉकिंग’ करतात ना, ते ह्याच घराण्यातलं. सगळी भानगड त्या ‘अप’ची, मी सांगते. उठवताना तो माणसाला खाटेवरून वर काढतो, दमवताना ‘पार’ म्हणून मागे लागतो, आणि अमेरिकेत जाऊन... डॉक्टर जॉन्सन १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत आधीच कुरकुरले होते, क्रियापदामागे हे असं काहीतरी लावून अर्थ फिरवतात, परक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच. तरी ह्या जमातीला धड नाव मिळायला १९२५ उजाडलं! लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात ‘फ्रेझल व्हर्ब’ आलं, पण सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलींनी. स्मिथने तसं कबूल केलं हो, उगाच कशाला बोला.

तर काय सांगत होते... अमेरिका. तिकडचा तो अर्थ काही कालचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेला आहे, फक्त मध्ये समुद्र होता म्हणून बरं. १९४२ मध्ये अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये उतरले आणि पंचाईत झाली. खोलीवाली बाई सरळ मनाने विचारायची, ‘उद्या किती वाजता नॉक अप करू?’ आणि तो पोरगा कानापर्यंत लाल! हा विनोद अजून दोन्हीकडे रंगवून रंगवून सांगतात.

पण खरं सांगू? अमेरिकेला बोल लावून उपयोग नाही. एवढी वर्षं दोन्ही अर्थ आपापल्या जागी नांदले की! नॉक अपचा घात केला गजराच्या घड्याळाने. घड्याळ स्वस्त झालं, घरोघरी आलं, नॉकर-अप घटत गेले. उत्तर इंग्लंडात कुठेकुठे १९७० च्या सुरुवातीपर्यंत टिकले होते म्हणे, मग तेही गेले. काम गेलं, अर्थामागे उभं राहायला कोणी उरलं नाही, आणि वाह्यात अर्थ सरळ घरात शिरला. टेनिसचा नॉक-अप बघा, कोणी बोट लावलंय त्याला? रोज खेळतात ना!

आणि आपण तरी कशाला हसायचं? आपली पोरं अर्जात लिहितातच की, ‘२०१९ साली पास आउट झालो.’ अमेरिकेत वाचणाऱ्याला वाटायचं, २०१९ ला पोरगा बेशुद्ध पडला, आणि तेही अर्जात अभिमानाने लिहितोय! पण खडकवासल्याला जा. एनडीएची पासिंग आउट परेड चालू आहे, पोरं ताठ मानेने ‘अंतिम पग’ ओलांडताहेत, आणि आईबाप डोळे पुसताहेत. तिथे कोणी त्याचा दुसरा अर्थ काढून दाखवावा, मी म्हणते!