चार स्क्रू द्या!

हातात धरून वापरायच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर सगळं छापलेलं असतं. १२० वॅट. १५,००० पास्कल. हेपा फिल्टर. वायरलेस. यूएसबी चार्जिंग. एकच गोष्ट नसते, ती म्हणजे हे यंत्र उघडायचं कसं. बहुतेक स्वस्त यंत्रं उघडण्यासाठी केलेलीच नसतात. आतले सेल दमले की अख्खं यंत्र टाकायचं आणि नवं आणायचं, हे कागदावर पहिली रेघ मारली तेव्हाच ठरलेलं असतं.

निदान कोल्हापुरात तरी हे खपवून घेऊ नये, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी खोक्यावरचे आकडे तपासू. १२० वॅटची मोटर आणि आत २,००० एमएएचचे तीन सेल, एकामागोमाग जोडलेले. तिघांचे मिळून ११.१ व्होल्ट. ११.१ गुणिले २ म्हणजे साधारण २२ वॅट-तास. त्याला १२० नं भागा आणि तासांची मिनिटं करा. उत्तर येतं ११ मिनिटं, तेही सेल कोरे करकरीत असताना. दोनच सेल असतील तर सात-साडेसात. त्याच खोक्यावर ‘३० मिनिटं चालतो’ असं लिहिलेलं दिसलं, तर एक तर मोटर १२० वॅटची नाही, नाहीतर अर्धा तास खरा नाही. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नाही. तीन सेलांची बेरीज करून ‘६,००० एमएएच’ लिहिलं असेल तर तेही चूक. सेल असे एकामागोमाग जोडले की व्होल्ट वाढतात, एमएएच तेवढेच राहतात. आठवीतल्या पोराला येणारं गणित आहे हे. दुकानात उभ्याउभ्या करा.

पास्कलचंही तसंच. हा आकडा यंत्राचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात. तोंड बंद म्हणजे हवा वाहत नाही, आणि हवा वाहिली नाही तर एक कणही उचलला जात नाही. सीटखाली सांडलेल्या भडंगातला चुरमुरा उचलायला भरपूर हवा वाहावी लागते. मॅटच्या धाग्यात रुतलेली वाळू काढायला ओढही लागते आणि तोंडाशी ब्रशही. या दोन्ही कामांत हवेचा प्रवाह आणि ओढ यांचा गुणाकार उपयोगी पडतो. तो आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो.

आता आवाज. फिल्टर धुळीनं बुजला की यंत्राचा आवाज चिरका होतो आणि घरातल्या माणसाला वाटतं, आता जोर आला. खरा प्रकार उलटा असतो. ढकलायला हवाच उरलेली नसते, म्हणून पंखा मोकळा फिरतो आणि मोटरचे फेरे वाढतात. बऱ्याच यंत्रांत त्याच हवेनं मोटर थंडही होत असते. म्हणजे यंत्र सर्वांत जोरात ओरडतं तेव्हा ते सर्वांत कमी साफ करत असतं आणि आतून तापत असतं.

चाचण्यांची लबाडी फक्त आपल्याकडे चालते असं समजू नका. युरोपात व्हॅक्यूम क्लीनरवर विजेच्या बचतीचं लेबल लावणं सक्तीचं होतं. त्याची चाचणी रिकाम्या डब्यानं व्हायची. डायसन कंपनी कोर्टात गेली. घरात कुणी रिकाम्या डब्यानं झाडतं का, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं ते लेबलच रद्द केलं. भरलेल्या डब्याची चाचणी मागणं हा ग्राहकाचा साधा हक्क आहे.

आता यंत्राच्या पोटात बघू. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी असं एक यंत्र उघडताना पाहिलं. कवचाचे दोन अर्धे एकमेकांत अडकवलेले, बाहेर एकही स्क्रू नाही. कारागिरानं फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवलं आणि कडेनं हळूहळू फिरवत नेलं. टक्. पहिली जिभली तुटली. टक्. दुसरी. आत मोटर, प्लॅस्टिकचा पंखा, नखाएवढी सर्किटची पाटी आणि निकेलच्या पट्टीनं स्पॉट वेल्डिंग केलेले दोन सेल. सेल कुठले, तर १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळणारे. मोटर ठणठणीत होती. पंखा शाबूत होता. मेला होता तो फक्त एक सेल.

“सेल आत्ता घालून देतो काका,” तो म्हणाला, “पण हे डबडं परत बसायचं कशानं? जिभल्या मोडल्या की. ह्ये उघडायला केलेलंच न्हाई.”

याहून नेमकं परीक्षण मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

या यंत्राच्या जन्माची गोष्ट पाहिली की हा अन्याय जास्तच खुपतो. ब्लॅक अँड डेकर ही हत्यारं बनवणारी अमेरिकी कंपनी. अपोलो मोहिमांसाठी चंद्रावरच्या मातीचे नमुने काढायचं बॅटरीवरचं ड्रिल तयार करण्यात तिचा हात होता. कमी विजेत जास्त काम करणारी मोटर, तारेविना चालणारं हत्यार, या वाटेनं ती पुढे गेली आणि १९७९ मध्ये तिनं ‘डस्टबस्टर’ बाजारात आणला. हातात मावणारा व्हॅक्यूम क्लीनर घराघरात गेला तो तिथून. म्हणजे हा ड्रिलचा सख्खा धाकटा भाऊ. आज कुठल्याही सुताराच्या पिशवीतलं बॅटरीवरचं ड्रिल बघा. एक खटका दाबला की बॅटरीचा पॅक हातात येतो, दुसरा बसतो, काम सुरू. थोरल्याला जमतं ते धाकट्याला का जमू नये? लिथियम धोक्याचा असतो म्हणून बंद ठेवतो, असं बनवणारे सांगतात. धोक्याचा असतो हे खरंच आहे. तो घरी पेचकस घालून उचकटायची वस्तू नव्हे. म्हणून तर तो सुखरूप निघेल अशी जागा रचनेतच हवी.

कोल्हापूरला हे मी एवढ्या हक्कानं का सांगतोय? या गावानं बंद यंत्रं उघडून नाव कमावलंय म्हणून. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांना सिनेमाचा ध्यास लागला. कॅमेरा परदेशी आणि आवाक्याबाहेरचा, म्हणून त्यांनी तो इथंच घडवायचं ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं त्यांनी कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढे उसाच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं आली. ती बिघडायची आणि परदेशातून सुटा भाग यायला महिने जायचे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी भाग घडवले, मग इंजिनं घडवली आणि त्यातूनच शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं. परदेशी इंजिनाच्या कवचाला त्या वेळी नट-बोल्ट नसते, तर उद्यमनगर झालं असतं का? उघडता आलं म्हणून शिकता आलं, आणि शिकता आलं म्हणून घडवता आलं.

उघडण्याचा हक्क म्हणजे शिकण्याचा हक्क. आज आयटीआयमधल्या पोराच्या हातात आपण जिभल्यांनी बंद केलेला डबा देतोय आणि वर कौशल्य विकासाची भाषणं करतोय.

कुणी म्हणेल, झाडणी-पुसणीचं यंत्र ते, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? जेम्स स्पँगलर हा अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका दुकानाचा सफाई कामगार. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीनं जीव कासावीस व्हायचा. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं. ते विकत घेतलं हूवर नावाच्या कारखानदारानं, ज्याचा धंदा होता चामड्याच्या वस्तूंचा. मोटारगाड्या येऊ लागल्या होत्या, घोड्यांच्या साजाला पुढं गिऱ्हाईक राहणार नाही हे त्यानं ओळखलं आणि नवं यंत्र हाती घेतलं. चामड्याचं काम जगभर नेणाऱ्या आपल्या गावानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी. धूळ हा दमेकऱ्याच्या, तान्ह्या बाळाच्या, रोज दहा घरं झाडणाऱ्या मावशींच्या छातीचा प्रश्न आहे. त्यावरचं यंत्र कच्चं असून भागणार नाही.

आणि आपली धूळही आपली आहे. हंगामात पाचट पेटलं की गच्चीवर काळी राख पडते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घराघरात वाळलेला गाळ पिठासारखा बारीक होऊन उडत होता. अशी बारीक धूळ सरळ फिल्टरवर गेली तर तो लगेच बुजतो. त्यावरचा इलाज शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना ठाऊक आहे. धुळीची हवा शंकूच्या आकाराच्या पत्र्याच्या डब्यात कडेनं सोडायची. ती गरगर फिरते, जड कण भिंतीला लागून खाली घसरतात आणि हलकी हवा मधून वर निघते. हाच सायक्लोन. जेम्स डायसनला ही कल्पना लाकूडमिलवरचा असा शंकू पाहून सुचली. ५,१२७ नमुने करून त्यानं तो घरगुती यंत्रात बसवला. ही रचना डोळ्यांदेखत पाहायची सोय आपल्या एमआयडीसीत आहे. फौंड्रीतली सिलिकाची धूळ मात्र घरगुती यंत्रानं कधीही ओढू नये. ती फुप्फुसात बसते आणि तिला स्वतंत्र यंत्रणाच लागते.

कायदा काय म्हणतो? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण छापण्याचा विचार सुरू झाला, पण त्याची सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून, थोडे अपवाद सोडले तर, उपकरणातली छोटी बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असा नियम लागू होतोय. तेच कारखाने तिकडं उघडणारं यंत्र पाठवतील आणि इकडं जिभल्यांचं. हे आपण मुकाट्यानं घ्यायचं का? टाकलेलं यंत्र घंटागाडीतून शहराच्या झूम कचरा डेपोत जातं, आणि वजनाखाली चिरडलेला लिथियमचा सेल पेट घेऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

मग चांगलं यंत्र कसं असावं? कवचाला चार स्क्रू, साध्या पेचकसानं निघणारे. सेल पॅकमध्ये, खटक्यानं सुटणारे, बाजारात मिळतात त्याच मापाचे. फिल्टर नळाखाली धुता येणारा आणि सुटा विकत मिळणारा. बोटानं सतत दाबून धरायचा घोडा नको, एकदा सरकवला की राहणारा खटका हवा. संधिवाताच्या बोटांना तो घोडा दोन मिनिटं पेलवत नाही. वजन मुठीपाशी असावं, तोंडाकडं झुकलेलं नसावं, म्हणजे मनगट भरून येत नाही. आणि खोक्यावर भरलेल्या डब्यानं मोजलेली ओढ. यातलं काहीही अवघड नाही.

केआयटीतल्या, पॉलिटेक्निकमधल्या, आयटीआयमधल्या पोरापोरींनो, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे घ्या. मोटर, सेल, सर्किट सगळं बाजारात मिळतं. कवचाचा साचा उद्यमनगरात होईल. उद्योजकांनो, त्यांच्या पाठीशी उभे राहा. पहिलं यंत्र ओबडधोबड होईल, होऊ द्या.

आणि आपण गिऱ्हाईक. दिवाळीच्या साफसफाईला नवं यंत्र घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. बॅटरी निघते का? फिल्टर सुटा मिळतो का? हे उघडून दाखवता का? नाही म्हणाला तर पैसे खिशात ठेवा आणि केरसुणी घेऊन घरी या.