बडेबाबू आणि जपानी नस्ती

जबलपूरच्या दर चार मराठी घरांआड एक बडेबाबू असतो. कुणी रेल्वेतून निवृत्त, कुणी गन कॅरेज फॅक्टरीतून, कुणी विजेच्या खात्यातून. हायकोर्टातून निवृत्त झालेला असेल तर त्याच्यासमोर बाकीचे बडेबाबू आवाज खाली घेतात. सेवापुस्तिकेत हुद्दा काहीही असो, मोहल्ला त्यांना बडेबाबूच म्हणतो. निवृत्तीनंतर माणूस देवाला लागतो म्हणतात. हे नियमाला लागतात. लग्नाची पत्रिका हातात पडली की मुहूर्ताआधी जावक क्रमांक शोधतात. गोलबाजारच्या दत्तमंदिरात प्रसादाची रांग वाकडी झाली, तर पुजाऱ्याला तोंडी समज देतात.

आमचे बडेबाबू कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत राहतात. संध्याकाळी गेटपाशी येतात, काकूंना न सांगता खोव्याची जिलबी खातात आणि गेटखालून ई-रिक्षांनी कुठल्या बाजूनं जावं याचे आदेश काढतात. ते कुणी पाळत नाही. हे गेट 1939च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीत उभं आहे, हे पाहुण्याला सांगण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. सांगताना सुभाषबाबूंच्या तेजापेक्षा त्यांचा सगळा भर अध्यक्षपदाच्या मतमोजणीवर. "1580 विरुद्ध 1377! मार्चात अधिवेशन, अन् एप्रिलात राजीनामा. पदभार राजेंद्रबाबूंनी घेतला. रीतसर घेतला."

अशा माणसाच्या हातात ती कादंबरी पडली.

नात पुण्याला जपानी शिकते. दिवाळीला आली आणि जाताना पुस्तक पलंगावर विसरून गेली. जपानीतून इंग्रजीत आलेलं. टोकियोतलं एक ऑफिस, विक्री विभागातला एक तरुण, सामान्य प्रशासनातला त्याच्याहून वर्षभर सीनियर दुसरा तरुण, आणि या दोघांचं प्रेम. मुखपृष्ठावर एकाची टाय दुसऱ्याच्या मुठीत. "हा याची टाय कायले ओढून राहिला? रॅगिंग आहे काय?" बडेबाबूंनी विचारलं.

मुलानं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि मान फिरवली. "बाबा, तसलं पुस्तक आहे ते."

"तसलं म्हणजे कसलं? अभिलेख पाहिल्याशिवाय कसं ठरवायचं?"

झालं. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर चढलं, त्यावर चिठ्ठी: "विषय: कार्यालयीन संबंध (जपान)". पेन्सिल कानावर गेली.

नातीनं फोनवर थोडी पार्श्वभूमी दिली. जपानात असल्या कथा बहुतेक बायकाच लिहितात नि बायकाच वाचतात. सत्तरच्या दशकात मुलींच्या चित्रकथांमधून हा प्रकार फोफावला, 1978 साली 'जून' नावाचं त्याला वाहिलेलं मासिकही निघालं. त्याच्याही आधी, 1961 मध्ये, मोरी मारी नावाच्या बाईंनी दोन पुरुषांच्या प्रेमावर लिहून ठेवलं होतं, आणि त्या प्रख्यात लेखक मोरी ओगाई यांच्या कन्या. बडेबाबूंनी एकच प्रश्न विचारला: वडील काय करत? लेखक होतेच, शिवाय लष्करात सर्वोच्च दर्जाचे वैद्यकीय अधिकारी. "क्लास वन!" बडेबाबूंचा आवाज मऊ झाला. त्या क्षणापासून हा साहित्यप्रकार त्यांच्या लेखी प्रतिष्ठित घराण्यातला ठरला.

मग आक्षेप सुरू झाले. रात्री साडेदहाला दोघं ऑफिसात एकटेच: पर्यवेक्षक कुठे, ओव्हरटाइमची मंजुरी कुठे? जपानात 2019 पासून महिन्याला 45 तासांहून जास्त ओव्हरटाइमला साधारणपणे कायद्यानं मनाई आहे, असं नातीनं सांगताच समासात टीप पडली: "कथानक 2019 पूर्वीचे की नंतरचे, खुलासा व्हावा." लिफ्टमध्ये पहिलं चुंबन घडतं तिथे: "कार्यालयीन लिफ्टचा वैयक्तिक कामासाठी वापर." नायक तापानं फणफणलाय, दुसरा त्याच्या घरी जाऊन पेज करून घालतो, वाचकांचे डोळे भरून यावेत म्हणून लेखिकेनं हे प्रकरण खपून लिहिलंय. बडेबाबूंनी खाली लिहिलं: "मेडिकल सर्टिफिकेट जोडलेले नाही."

घरातले सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते. मुख्य मुद्द्यावर बडेबाबू कधी भडकतात? मुलगा तर त्यासाठी टपूनच बसला होता. पण बाकीच्या अनियमितताच इतक्या निघाल्या की मुख्य मुद्दा यायला टिपणीचं दुसरं पान लागलं. तिथे तो असा आला: "17. उभय कर्मचारी पुरुष आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. 6.9.2018 च्या निर्णयान्वये आक्षेप नाही." त्या निकालाचं कात्रण त्यांच्याकडे आहे, पेन्शनच्या निकालांच्या फाइलीत. कलम 377 कुणाला लागतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. निकाल आला, कात्रण काढलं, फाइल केलं, विषय संपला. समाज बदलायला पिढ्या लागतात असं भाषणांतून ऐकतो. बडेबाबूंना पंचिंग मशीन पुरलं होतं.

एका गोष्टीनं मात्र ते कादंबरीच्या प्रेमातच पडले. जपानी ऑफिसात कुठलाही प्रस्ताव खालून वर फिरतो आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस त्यावर आपला गोल तांबडा शिक्का उमटवतो. "म्हणजे नोटशीटच की!" ते उभे राहिले. काही कचेऱ्यांत तर हाताखालच्या माणसानं शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, साहेबाच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा, हे ऐकून त्यांनी डोळे मिटले. कादंबरीत सीनियरच्या शिक्क्याशेजारी ज्युनियर मुद्दाम आपला शिक्का सरळ मारतो आणि सीनियर त्याच्याकडे बघून हसतो, असं एक वाक्य आहे. बडेबाबूंनी ते तीनदा वाचून दाखवलं. प्रेमप्रसंग म्हणून त्यांना तोच एक पटला.

बाकीच्या प्रेमप्रसंगांचं त्यांनी काय केलं, हे सांगायला हवं. घरात नातवंडं, येणारे-जाणारे. पुस्तक उघडं पडतं. म्हणून जिथे जिथे तसला मजकूर होता, त्या प्रत्येक पानाला त्यांनी पिवळी पताका लावली आणि पताकेवर लाल शाईत लिहिलं: "गोपनीय". हेतू हा की कुणी ती पानं उघडू नयेत.

त्याच महिन्यात काकूंकडे भिशी होती. बायका उपासाची कचोरी खात बसल्या होत्या आणि पुस्तक दिवाणावर होतं. कादंबरी चारशे पानांची, इंग्रजी. एरवी कुणी हात लावला नसता. पताकांनी काम सोपं केलं. थेट हव्या त्या पानावर. एक पताका संपली की दुसरी. कुणी बोललं नाही. एकीनं फक्त चष्मा मागितला, दुसरीनं "इकडून दिसत नाही गं" म्हटलं. निघताना सगळ्यांचं एकमत झालं की असली पुस्तकं घरात असू नयेत. पुढची भिशीही काकूंकडेच घ्यावी, यावरही झालं. वीस वर्षांत ती लागोपाठ दोनदा एका घरी झालेली नव्हती.

इकडे बडेबाबू गंभीर झाले होते. सीनियरला बढती मिळाली आणि तो ज्युनियरचा साहेब झाला. आता याची गोपनीय चरित्रावली कोण लिहिणार? 'उत्कृष्ट' लिहिलं तर पक्षपात, 'साधारण' लिहिलं तर घरी जेवायला मिळणार नाही. "एकाचा सेक्शन बदला," ते गेटपाशी जिलबीवाल्याच्या गर्दीत मला सांगू लागले. "साधी गोष्ट आहे. एवढी मोठी कंपनी, एक प्रशासन अधिकारी नाही काय?"

कंपनीत तो होता, पण त्यानं सेक्शन बदलला नाही. त्यानं ज्युनियरची थेट फुकुओकाला बदली केली.

बडेबाबू दोन दिवस नीट जेवले नाहीत. छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधी बदली म्हणजे बस्तर, हे जुन्या मध्यप्रदेशातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक होतं. तेही जगदलपूरला राहून आलेले. काकू इथे, ते तिथे, खानावळीचं वरण. त्यांनी नियमांचं कपाट उघडलं. पती-पत्नी दोघे नोकरीत असतील तर शक्यतो एकाच ठिकाणी पदस्थापना द्यावी असं धोरण आहे. पण हे पती-पत्नी आहेत काय? आपल्याकडे 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं असल्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. तेही कात्रण निघालं. जपानात? देशभर लग्न नाही, पण टोकियोतल्या शिबुया आणि सेतागाया या भागांनी 2015 पासून जोडीदारीची कागदपत्रं द्यायला सुरुवात केली, आणि 2022च्या नोव्हेंबरपासून ती सबंध टोकियोत मिळतात. "प्रमाणपत्र आहे? मग जोडलं का नाही?" ते नातीवर ओरडले, जणू तिनंच ते टेबलाखाली दाबून ठेवलं होतं.

पुढच्या प्रकरणात सीनियरनं राजीनामा दिला. सगळं सोडून तो फुकुओकाच्या गाडीत बसतो, बाहेर पाऊस. नात सांगते, हे वाचून तिच्या होस्टेलच्या मुली रडल्या. बडेबाबू हादरले. "राजीनामा? अरे, राजीनाम्यानं मागली सगळी सेवा जप्त होते! ऐच्छिक निवृत्ती घ्यायची. पण त्याले वीस वर्षं लागतात, याची तर आठच झाली." नातीनं समजावलं की ती खासगी कंपनी आहे. त्यांनी ऐकलं नाही.

त्या रात्री त्यांनी रेघी कागद घेतला. एका बाजूला समास दुमडून, हिंदीत, कारण शासकीय पत्रव्यवहार आमच्याकडे हिंदीतच होतो: "सविनय निवेदन है कि". प्रार्थी ज्युनियर, द्वारा उचित माध्यम. बदली रद्द करावी, राजीनामा स्वीकारू नये. आधार म्हणून कुठलाच नियम बसेना, तेव्हा त्यांनी लेखणी जरा थांबवली आणि लिहिलं, "मानवीय आधार पर". अर्ज शेवटच्या पानाला टाचणीनं लावला.

"आजोबा, कादंबरी आहे ती. छापून झाली," नात फोनवर म्हणाली.

"छापलेला आदेशही संशोधित होतो."

काकू भाजी निवडत ऐकत होत्या. "तुमची जगदलपूरची ऑर्डर आली तेव्हा असला अर्ज नाही केला तो?"

"तेव्हा नियमात बसत नव्हतं. तू नोकरीत नव्हतीस."

"अन् मानवीय आधार?"

बडेबाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि भाग दुसरा कधी निघतोय ते विचारायला मुलाकडे फोन मागितला.