आबांचं तूप

मामांच्या भातावर तुपाची धार पडायला लागली की समोरच्याने नुसतं बघायचं. बोललात, की आबा आलेच. आबा म्हणजे मामांचे आजोबा. "आबा वाटीभर तूप प्यायचे, आणि नव्वदीत नांगर धरायचे. कसलं कोलेस्टेरॉल घेऊन बसलात?" हे वाक्य संपेपर्यंत दुसरी धार पडलेली असते.

मामांचं वय 59. जन्म माण तालुक्यातला, हल्ली मुक्काम कोथरूडला; दुसरा मजला, लिफ्टची सोय. असा एखादा मामा बहुतेक घरांत असतो. आजोबांची जमीन विकून झाली की त्याच्याकडे आजोबांचा आहार तेवढा उरतो, आणि ही इस्टेट मात्र तो जिवापाड सांभाळतो. आबांचं तूप, गूळ, बाजरीची भाकरी, दुपारची वामकुक्षी हे सगळं मामांकडे आलं. मोट हाकणं आणि बाजाराला सात मैल पायी जाणं बहुधा भावकीच्या वाटणीला गेलं.

नव्या विद्येशीही त्यांचं वैर नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांकडून त्यांनी तूप घेतलं (तेवढंच घेतलं), आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांकडून पंचावन्न मिनिटं. दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. मामांना वाटतं, ही वेळ पुरी भरावी लागते. चाळिसाव्या मिनिटाला पोट भरलं तरी उरलेली पंधरा मिनिटं वाया घालवणं त्यांच्या जिवावर येतं.

त्यांच्या मुलीने वाढदिवसाला त्यांना पावलं मोजणारं घड्याळ दिलं. रोज दहा हजार. मामांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "दहा हजारच का? नऊ हजार का नाही?" पोरगी प्रामाणिक, तिने शोधून काढलं. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं ठेवलं. तिथून तो आकडा जगभर झाला. "म्हणजे दुकानदारी!" मामा म्हणाले आणि त्याच आनंदात झोपाळ्यावर बसले. पोरगी काही बोलू शकली नाही. ती स्वतः पनीर ग्रॅमवर तोलून खाते आणि रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत जागते, हे मामांना ठाऊक आहे.

दिवाळीत डॉक्टरांनी मामांना बीपीची गोळी सुरू केली. आठव्या दिवशी त्यांनी ती बंद केली. कारण अर्थातच आबा. आबांनी जन्मात गोळी बघितली नव्हती.

भोगीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, खेंगट, लोण्याचा गोळा, पाठोपाठ भात. मामांनी तुपाची तपेली उचलली आणि आबांना हाक मारली. आजी, म्हणजे मामांच्या आई, शेजारीच बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी येतं. त्या दिवशी नेमकं आलं.

"कुणी प्यायचं तूप?"

"आबा गं. आपले आबा."

"मामंजी? आरं, तूप जायाचं वाण्याच्या दुकानात. घरात ऱ्हायाचं ताक. तूप दिसायचं ते दिवाळीला."

"पण नव्वद वर्षं जगले ना?"

"कुणी सांगितलं? मानमोडीच्या साथीत त्यांची आई गेली तवा ते सा वर्सांचं हुतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या, आन् फुडच्या पावसाळ्यात अंगावरनं वारं गेलं. तू सात वर्सांचा. पांढऱ्या मिशा बघून तुला नव्वद वाटलं आसंल."

पोरगी बोटं मोजत होती. "मानमोडी म्हणजे 1918चा फ्लू. सहा वर्षांचे, म्हणजे जन्म 1912. गेले 1973ला." मग जरा हळू आवाजात, "एकसष्ट."

तपेली ताटावर तिरकी तशीच राहिली. एकसष्टातून एकोणसाठ वजा करायला मामांना बोटं लागली नाहीत.

"आन् अकरा भावंडांत तिघंच मोठी झाली," आजींचं चालूच होतं. "बाकीच्या आठांनी काय खाल्लं, ते बी सांग की लोकांस्नी."

आजींनी कनवटीची डबी काढली. पूर्वी तिच्यात मिश्री असायची. आता त्यांची बीपीची गोळी असते. वीस वर्षांत एक दिवस चुकलेली नाही. गोळी कपाळाला लावून त्यांनी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी. "मामंजींना ही मिळाली आसती तर तुझं लगीन बघून गेलं आसतं."

मामींनी एक शब्द न बोलता फ्रिजवरचं पाकीट आणून ताटाशेजारी ठेवलं. मामांनी त्यावरची तारीख वाचली, चष्मा वर करून परत वाचली.

"ही ताकाबरोबर चालते का?"

"पाण्याबरोबर," मामी म्हणाल्या.

गोळी घशाखाली गेली. मामा क्षणभर डोळे मिटून बसले. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावलं चारशे बारा. पंचावन्नपैकी अजून बावीस मिनिटं शिल्लक होती.