ओरिजिनलवाले

रविवारी सकाळी ते हमखास सापडतात. पुण्यात असले तर जुन्या बाजारात, मुंबईत असले तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, भंगाराच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले. हातात काच खालीवर करायचं मोडकं हँडल आणि तोंडी एकच प्रश्न, "ओरिजिनल आहे का?"

गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी. १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून 'फियाट अकराशे डिलाइट' म्हणून निघालेल्या गाडीचंच हे पुढचं बारसं. १०८९ सीसीचं इंजिन मेकॅनिकने चार आठवड्यांत बोलतं केलं. त्याला तीन वर्षं झाली. गाडी मात्र फाटकातच राहिली, कारण आत बसायला जागा नव्हती.

कुशनवाला म्हणाला, "साहेब, फोम टाकू, मस्त बसेल." ओरिजिनलवाल्यांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी श्रीखंडात केचप घालू म्हणालं. स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, मग रेक्झिन! आणि रेक्झिनचा रंग? मागच्या सीटखाली, उन्हाने न विटलेला वीतभर तुकडा त्यांना सापडला होता. तो पाकिटात असतो, मुलांच्या फोटोशेजारी. माझ्या शालूचा रंग यांनी कधी एवढा निरखला नाही, असं बायको म्हणते. तिचं खरं असावं.

पुढची सीट सलग हवी, यावर मात्र वाद नको. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे तिघं ऐसपैस आणि मांडीवर एक पोर.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमच्या उठल्या. ओरिजिनलवाल्यांनी रात्री सुतक पाळलं आणि सकाळी भंगारवाल्याला फोन केला. एरवी "टॅक्सीचा माल" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी दोन दारांची हँडलं आणि एक आरसा उचललाच.

अखेर गेल्या दसऱ्याला छताचं कापड तारांवर सुरकुती न पडता ताणलं गेलं. झेंडूची माळ घालून आईला खाली आणलं. तिने सीटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"तापलंय रे. पाठ चिकटेल. तुझ्या बाबांचा तो टॉवेल कुठाय?"

खरंच, गाडी घरी आली त्या दिवसापासून सीटवर टॉवेल होता. खालचं रेक्झिन कोणी धड पाहिलंच नव्हतं.

नातू टॉवेल आणायला धावला. ओरिजिनलवाले मागून ओरडले, "हिरवा आण, हिरवा!"

"निळा होता," आई म्हणाली.

गाडी अजून फाटकातच आहे.